पोदेराचा भोंपू

तीनशे वर्षांपूर्वीचं, कुणी न ऐकलेलं स्पॅनिश संगीत मी पेडण्यातल्या घरी, लेक झोपेत असताना, गिटारवर वाजवून यूट्यूबवर टाकते. श्रोते सात. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू रेकॉर्डिंगमध्ये शिरायचा; मी तो कापायचे; एकदा राहून गेला. "राहू द्या, तुमच्या दारात बसल्यासारखं वाटतं," एका अनोळखी श्रोत्यानं लिहिलं. गावातली वाडी कुठली, तेही विचारलं. मी हौसेनं सांगितलं. आज पोदेर येऊन गेल्यावर नवरा तुयेच्या कारखान्यात निघाला. स्कूटर सुरू करताना ओरडला, "तुज्या सात जणांक माजो नमस्कार सांग गो!" थोड्याच वेळात त्या श्रोत्याचं रेकॉर्डिंग आलं. माझीच धून त्यानंही वाजवली असेल म्हणून मी हेडफोन लावला. संगीत नव्हतंच. भोंपू होता, मग नवऱ्याचा नमस्कार, मग स्कूटर. हेडफोन फेकून मी लेकीच्या पाळण्याकडे धावले. फाटकापाशी पुन्हा भोंपू वाजला.