हिरव्या खुणा

ही २०१६ सालची गोष्ट. मुलं मार्गी लागल्यावर प्रोग्रॅमिंग शिकून पन्नाशीत नोकरीला लागलेल्या बाईंना ऑफिसात सगळे काकूच म्हणत. उमेदवारीचा शेवटचा दिवस होता. औषधाच्या वेळांची आठवण करून देणाऱ्या वेबपानाच्या टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्या, पास झाल्या, की नोकरी पक्की. त्या टेस्ट खऱ्या ब्राउझरवर नव्हे, तर संगणकाच्या पोटात उभ्या केलेल्या ब्राउझरच्या सोंगावर चालायच्या. दुपारीच पडद्यावरच्या सगळ्या खुणा हिरव्या, म्हणजे पास, झाल्या.

“जिंकलात, काकू!” टीमचा तरुण कप्तान म्हणाला.

काकूंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. त्यांनी कोडमधली वेळ मोजणारी ओळ मुद्दाम बिघडवली आणि टेस्ट पुन्हा चालवल्या. तरीही सगळं हिरवंच!

“अरे, आपलं मॉड्यूल, हा आपला कोडचा तुकडा, त्या सोंगात लोडच होत नाहीये. परीक्षेला कुणी बसलंच नाही, तर नापास कोण होणार?”

“आजच्या दिवस गप्प बसा ना, काकू! तुमचंच नुकसान आहे.”

“गप्पच बसायचं, तर घरी काय जागा नव्हती?”

काकूंनी ओळ दुरुस्त केली, मॉड्यूल नीट लोड केलं आणि टेस्ट चालवल्या. खुणा लालभडक झाल्या. मध्यरात्रीनंतरच्या गोळीची आठवण ते पान चक्क गिळून टाकत होतं. नोकरी पक्की व्हायची राहिली, उमेदवारी लांबली.

पुढे पान दुरुस्त होऊन लोकांच्या हाती गेलं, काकूंची नोकरीही पक्की झाली. कप्तान दुसऱ्या कंपनीत गेला आणि जाताना आपल्या खुर्चीसाठी त्याने एकच नाव सुचवलं. काकू त्याच खुर्चीवरून निवृत्त झाल्या. कप्तान आजही नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतो, “टेस्ट आधी नापास करून दाखव. मग पास झाल्याचं मी मानीन.”