आईच्या फोटोला ऊन

"अंकल, ह्यांचं नाक कुठंय?"

दुकानवाल्या कॅरेनने मॉनिटरवरचा फोटो हरिश्चंद्र सामंतांकडे वळवला. सामंतांना राग आला. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का? त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि वाकून आईचा फोटो पाहिला. नाक खरंच नव्हतं. नाकाच्या जागी करड्या चौकटी होत्या, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या. कानातल्या कुड्या गालात विरघळल्या होत्या. घरच्या कॉम्प्युटरवर ते रोज हाच फोटो पाहत, पण रोज पाहणाऱ्याला पोर कधी वाढलं ते कळत नाही, तसंच हेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

आईचं गुरुवारी वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी दोन बाय तीन फुटांचा फोटो हॉलमध्ये लागायचा होता, टीव्हीच्या वर, बरोबर स्वयंपाकघराच्या दारासमोर. "आतल्या खोलीत लावूया का?" असं सुचेताने एकदा विचारलं होतं. "आई हॉलमध्येच बसायची," असं सांगून सामंतांनी विषय मिटवला होता. म्हणून आज नवराबायको फ्लॉपी घेऊन मीरा रोड स्टेशनसमोरच्या या दुकानात आले होते. कॅरेन जवळच्याच समुद्राकाठच्या चौक गावची. घरातले सगळे मासेमारीत, हिने मात्र स्कॅनर आणला आणि दुकान थाटलं. आठ महिन्यांपूर्वी आईचा जुना फोटो तिनेच स्कॅन करून दिला होता.

तो जुना फोटो आता नव्हता. त्याला दमट हवा बाधू नये म्हणून सामंतांनी तो पूनम सागर सोसायटीतल्या घराच्या गॅलरीत उन्हात ठेवला, आणि वाऱ्याने तो उचलून थेट मिठागरात नेला. ऊन दाखवायची ही शिस्त आईचीच. शालू, गाद्या, डाळी, जे पडून राहतं ते खराब होतं, असं ती म्हणायची. मग फाइल तरी पडून कशी ठेवायची? सामंत रोज आंघोळ झाली की फाइल उघडत. एक दिवस थोडा उजेड वाढवत, दुसऱ्या दिवशी कमी करत, आणि सेव्ह करत. दर्जा किती ठेवू, असं कॉम्प्युटर विचारी. ते सगळ्यात कमी निवडत. फाइल छोटी राहते, आणि आई काटकसरीचीच होती.

क्वचित कधी ते विसरले तर सुचेता स्वयंपाकघरातून आठवण करी. "अहो, आईंना सेव्ह केलंत का?"

सामंतांना भरून येई. चोवीस वर्षं या दोघींचं एकही दिवस पटलं नाही. आई गेली आणि सुचेता बदलली, हे त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीलाही अभिमानाने सांगितलं होतं.

"ही जेपेग हाय अंकल," कॅरेन समजावू लागली. "जागा वाचवायला ही दर सेव्हला फोटोतलं थोडं थोडं टाकून देते. एकदोनदा केलं तर कळत पण न्हाय. तुम्ही किती वेळा केलं?"

"रोज."

"रोज म्हणजे?"

"आठ महिने."

कॅरेनने कपाळाला हात लावला. आईचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. भावाकडे नव्हता, गावी नव्हता. जपून जपून त्यांनी स्वतःच्या हाताने तिला पुसून टाकलं होतं. गुरुवारी येणाऱ्या नातेवाइकांना काय दाखवायचं, हा विचार नंतर आला. आधी डोळ्यांत पाणी आलं.

"मीच," ते कसंबसं म्हणाले, "मीच घालवलं गं तिला."

सुचेता शेजारच्या स्टुलावर बसून होती. तिने पदर सारखा केला.

"अंकल, रडता कशाला?" कॅरेन गोंधळली. "मी दोन फ्लॉप्या दिलेल्या ना. एक जेपेग, नुसती बघायला. दुसरी टिफ, जपून ठेवायला. टिफ काय पण टाकत न्हाय, कितीपण वेळा सेव्ह करा. आंटीच आलेल्या न्यायला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तर दोनदा विचारून घेतलं, जेपेग रोज सेव्ह केली तर काय होईल म्हणून."

सामंत हळूहळू बायकोकडे वळले. तिच्या चेहऱ्यावर ओशाळल्याची खूण शोधू लागले. ती मिळेना.

सुचेताने पर्स उघडली. रुमालाच्या घडीतून एक काळी फ्लॉपी काढली. ती काउंटरवर ठेवली नाही, मांडीवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला.

"आई सुखरूप आहेत," ती म्हणाली. "नाकासकट."

"म्हणजे रोज सकाळी तू मला जी आठवण करत होतीस..."

"चोवीस वर्षं मी कुठे बसायचं ते त्यांनी ठरवलं," सुचेता शांतपणे म्हणाली. "आता त्या कुठे लागणार, ते मी ठरवते. बोला, आतली खोली ना?"