स्पीकरशेजारची खुर्ची

छापखान्यातलं जुनं धडधडणारं मशीन गेलं, नवं मुकं आलं आणि बावन्न वर्षांच्या मामांची झोप उडाली. तीस वर्षं रात्रपाळीत त्या खडखडाटाला टेकून डुलक्या काढलेला माणूस, आता ना त्या मुक्या मशीनजवळ त्याचा डोळा लागेना, ना घरच्या शांततेत. गोळ्या देऊन मामी थकल्या. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, जागेच असता तर चला आमच्याबरोबर क्लबात नाचायला. फक्त अकराला जांभया देऊन लाज काढू नका."

क्लबात असा दणदणाट होता की टेबलावरचे ग्लास आपणहून एकमेकांवर आपटत होते. मामांनी स्पीकरला खेटून खुर्ची ओढली आणि तिसऱ्या गाण्याला घोरायला लागले. ते घोरणं लोकांना नुसतं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

अडीचला गाणी थांबली तसे मामा दचकून उठले. "मशीन कोणी बंद केलं रे?"

पोरं बूट हातात घेऊन भिंतीला टेकली होती. भाचा म्हणाला, "मामा, पायांचे तुकडे पडलेत. घरी जाऊ."

"एवढ्यात? पहाटेपर्यंत चालणारा एखादा क्लब असेल तर बघ की."

पुढचे तीन शनिवार मामांनी पोरांना उजाडेपर्यंत हलू दिलं नाही. चौथ्या शनिवारी रात्री आठला ते इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत उशी मारून बहिणीच्या दारात उभे राहिले. बहीण हळूच म्हणाली, "दादा, तो झोपलाय रे."

"शनिवारी? आठ वाजता?" मामांचा चेहरा काळजीने उतरला. "या वयात हे बरं नव्हे. डॉक्टरला दाखव त्याला."