उत्तरासाठी

भूल देताना औषधाच्या कुपीवरचं नाव एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बघून तेच म्हणायचं, हा नियम मलावीतल्या एका मेडिकल कॉलेजात डॉक्टर तियामिकेनेच घालून दिला होता. तिने शिकवलेले सगळे लंडनला गेले. नर्स सर्जनच्या हाताशी असायची. तियामिके एकटीच वाचायची. “भिंत उत्तर देते का, मॅडम?” सर्जन हसला. तिने चिडून गुंगीच्या औषधाचं नाव घेतलं. “पोरी, न बघता म्हणालीस,” ऑपरेशनच्या टेबलावरून पेशंट, म्हातारे कम्वेंडो मास्तर बोलले. “वर्गात जन्मभर हेच पकडलंय. वाच!” तिने हातातली कुपी वळवली. ते स्नायू लुळे पाडणारं औषध होतं. मास्तर जागेपणीच गुदमरले असते. तिने दुसरी कुपी त्यांच्यासमोर धरून वाचली. त्यांनी निरखून तेच म्हटलं, “शाब्बास” म्हणाले आणि औषध चढताच झोपले. आता झोपेनंतरच द्यायच्या त्या पहिल्या कुपीची पाळी. ती नाव मोठ्याने वाचून, सर्जनकडे बघत उत्तरासाठी थांबली.