गुलरेजचा आवाज

"पडदा हलवू नकोस, शीद्या. आणि तो तुपाचा डबा तोंडाजवळ धर. आवाज पेटीतून आल्यासारखा वाटला पाहिजे."

"इनायतभाई, लग्नांमधून मी कोंबड्यापासून कोतवालापर्यंत सगळ्यांचे आवाज काढले," पडद्यामागून शीदा म्हणाला. "मेलेल्या शायराचा पहिल्यांदाच काढतोय. स्वप्नात येऊन जाब विचारेल मला."

"तो नाही विचारणार. त्याची बहीण विचारेल."

इनायत हुसेन खुर्चीवर बसले आणि लगेच उठले. भाटी दरवाज्याजवळच्या त्या माडीवर एके काळी शायरांना बसायला जागा पुरत नसे. आता दोन खुर्च्या, एक टेबल आणि टेबलावरचं जुनं टेपचं यंत्र एवढंच उरलं होतं. यंत्रात रिकामी टेप होती. गुलरेजच्या आवाजाची एकुलती एक टेप दमट हवेत बुरशीनं खाल्ली होती.

गुलरेज एकोणतिसाव्या वर्षी क्षयानं गेला. त्याचे शेर लाहोरची पोरं अजून एकमेकांना चिठ्ठ्यांतून पाठवत, पण त्याचा आवाज फक्त या पेटीत होता. जाण्याआधी थोडे दिवस इनायतनीच त्याची एक गझल टेपवर धरून ठेवली होती. दर पुण्यतिथीला त्याची थोरली बहीण ती ऐकायला येई. कनीज आपा. आईच्या मागे तिनंच त्याला वाढवलेलं.

एकदा डोळे पुसत ती म्हणाली होती, "इनायत, या आवाजावर माझं वर्ष निघतं रे."

त्याला बरीच वर्षं झाली, पण ते वाक्य इनायतच्या पायात बेडीसारखं बसलं. फैसलाबादचा मुलगा सारखा बोलावत होता. अब्बा, दमा वाढलाय, त्या रिकाम्या माडीवर एकटे काय करता? पण माडीला कुलूप लावलं तर आपांनी जायचं कुठं?

जिन्यावर काठी वाजली.

"हा जिना बांधणाऱ्याला गुडघे नसणार!" आपा धापा टाकत आत आल्या. हातात पितळी डबा. "केशरी भाताचा जर्दा आणलाय. गुलरेजला आवडायचा तसाच. गोड जास्त झालाय, नावं ठेवू नकोस."

"आपा, आज टेप जरा खरखरते हं, म्हणजे जुनी झाली ना…" इनायतनी आधीच सारवासारव सुरू केली.

"किती वाळलास तू! शाहीन खाली टांग्यात बसलीय, तिला म्हटलं, पोरी, तू थांब, मी भावाला भेटून येते." आपा पहिल्यापासून दुसऱ्याला बोलू देणाऱ्या नव्हत्या. त्या खुर्चीत टेकल्या आणि दर वर्षीसारखा त्यांनी पेटीवर तळहात ठेवला, तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. "लाव."

इनायतनी खटका दाबला. चकत्या फिरू लागल्या. आणि पडद्यामागून गुलरेज उठला. तोच ओला, किंचित कापरा सूर.

"दिवा विझला तरी वातीस धग राहो जराशी,
कुणी येईल अंधारात, त्याला घर कळू दे."

इनायतच्याच अंगावर काटा आला. आपांचे डोळे फिरत्या चकतीवर होते. ओठ पाठ म्हटल्यासारखे हलत होते.

तिसऱ्या शेराला शीदाला खोकला आला.

नुसता ठसका नव्हे, विडीनं पोखरलेल्या छातीचा लांबलचक खोकला. इनायतनी डोळे मिटले. संपलं. टेपवर खोकला नव्हता. त्या वेळी गुलरेजनं तो ओठ चावून दाबला होता.

डोळे उघडले तेव्हा आपा हसत होत्या. गालावरून पाणी ओघळत होतं.

"वाह!" त्या पुटपुटल्या. "माझ्या राजा, वाह!"

भावाचाच खोकला समजल्या बिचाऱ्या. शेवटी रात्र रात्र त्यांनीच तर उशाशी बसून ऐकलेला.

"पुन्हा एकदा," आपा म्हणाल्या. दर वर्षी म्हणत.

दुसऱ्या खेपेला शीदानं 'घर कळू दे'च्या जागी 'दार दिसू दे' म्हटलं. आपांनी तिथंही मान डोलावली.

निघताना त्यांनी इनायतच्या डोक्यावर हात ठेवला. "जपलंस हो त्याला. तू आहेस म्हणून तो आहे." आणि काठी एकेक पायरी उतरत गेली.

शीदा डब्यासकट पडद्याबाहेर आला. "गेल्या? मला वाटलं, आता काठीनं फोडून काढतात!"

"काही कळलं नाही त्यांना. काही म्हणजे काही नाही!" इनायत किती तरी दिवसांनी खळखळून हसले. त्यांनी जर्द्याचा मोठा घास तोंडात टाकला. "खा, लेका, खा! गुलरेज, माफ कर बाबा, पण तुझी बहीण सुखानं घरी गेली."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही. मुलाला कळवतो, मी काही येत नाही म्हणून. फक्त तेवढी विडी सोड."

खाली टांग्यात शाहीननं आईला हात धरून वर घेतलं. गुडघ्यांवर शाल पांघरली. मग आपलं तोंड तिच्या तोंडासमोर आणून, ओठ मोठे मोठे हलवत तिनं विचारलं, "अम्मी, अजून किती वर्षं चढणार तो जिना? तुझ्या नातवाचं पहिलं रडणं तरी तुला ऐकू आलं होतं का?"

"हळू! वर कळेल त्याला," कनीज आपांनी माडीच्या खिडकीकडे पाहत तिच्या तोंडावर हात ठेवला. "मी नाही आले, तर तो बिचारा इनायत ती टेप ऐकवणार कुणाला?"