आज काय बिघडलं नाही?

बाबांचं पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दिवसभर बिघडलेल्याच वस्तू हातात यायच्या, म्हणून घरी जेवायला बसलं की ते एकच विचारत, "आज काय बिघडलं नाही?" प्रत्येकाने एक सांगायचं, मगच पहिला घास. आईचं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं, "दूध उतू गेलं नाही." माझं कधी "सायकल पंक्चर झाली नाही", तर कधी "सरांनी मला उभं केलं नाही". मित्रांचे वडील मुलांच्या पहिल्या नंबराशिवाय दुसरं बोलत नसत. आमच्या घरची मजल एवढीच, याची मला लाज वाटायची. गणितात नापास झालो त्या दिवशी मी ताट सरकवून ओरडलो, "आज सगळंच बिघडलंय."

"आवाज तर खणखणीत आहे की," बाबा म्हणाले आणि जेवायला लागले. आईला हसू आवरेना.

पुढे काही वर्षांनी आई गेली. चार दिवसांनी पाहुणे पांगले आणि आम्ही दोघंच जेवायला बसलो. दूध मीच तापत ठेवलं होतं. ते उतू जाऊन करपल्याचा वास घरभर होता. बाबा रिकाम्या ताटाकडे बघत राहिले. ते विचारेनात, तेव्हा मीच विचारलं, "बाबा, आज काय बिघडलं नाही?"

त्यांनी आईच्या जागेकडे बघितलं. मग ताट माझ्यापुढे करत, जरा ओशाळूनच म्हणाले, "भूक लागलीय रे. वाढ."