सुभेदारांचं कुत्रं

एकाहत्तरची लढाई लढून आलेले शेजारचे सुभेदार साताऱ्याच्या नव्या बंगल्यात राहायला गेले आणि कुत्र्याला कुलूपबंद दारापुढं सोडून गेले. चंद्राबाईने त्याला दूधभाकरी वाढली. कुत्रं ताठ बसलं, लाळ गाळत राहिलं, पण भाकरीला तोंड लावेना.

“खा रं लेकरा,” ती विनवायची. चार दिवसांत त्याच्या बरगड्या दिसू लागल्या.

तेवढ्यात तिचा फौजी लेक कृष्णात सुट्टीवर आला. त्याने बघितलं आणि हसला. “आये, ह्यो सुभेदारांच्या तालमीतला हाय. हुकमाबिगर खायाचा न्हाई.” मग कुत्र्याकडं वळून म्हणाला, “खाओ.”

ताटली चाटूनपुसून लख्ख झाली.

लेक पलटणीत परत निघाला, तेव्हा चंद्राबाईने त्याच्याकडून हिंदीतला आणखी एक शब्द शिकून घेतला.

दिवाळीनंतर सुभेदार आले. “वैनी, बंगल्याला राखण पायजे. ह्याला न्यायला आलोय.” आणि त्यांनी फर्मावलं, “चलो!”

कुत्रं उठलं. दोन पावलं गेलं, थांबलं आणि वळून चंद्राबाईकडं बघू लागलं.



“बैठो,” चंद्राबाई म्हणाली, आणि ते तिच्या पायाशी येऊन बसलं.